दादाला निकाल सांगायला

पंचांनी आमच्या संघाच्या बाजूने हात वर केला, तेव्हा आजूबाजूची सगळी माणसं उठून उभी राहिली आणि मी खाली बसले. खुर्चीवरच बसायचं होतं, पण ती गर्दीत कधीच मागे सरकली होती, म्हणून सरळ जमिनीवर. आमचे हे माझ्या बाजूला थर्मास छातीशी धरून उभे होते. वाकून त्यांनी विचारलं, "जिंकलात ना तुम्ही?"

"हो."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. पाय गेले माझे."

आनंद वगैरे नंतर झाला. आधी वाटलं ते एवढंच, की सुटलो बाई एकदाचे. मुलीची बारावी, मग लग्न, मग बाळंतपण, या प्रत्येक वेळी मला असंच वाटलं होतं. पण ती संकटं येऊन गेली की संपायची. हे लहानपणापासून दरवर्षी येत होतं.

लालबागला आमची चाळ होती आणि चाळीपुढे मैदान. मैदान कसलं, दोन चाळींमधली मातीची मोकळी जागा. पण मंडळाची मुलं रोज संध्याकाळी तिथे चुन्याच्या रेषा आखून कबड्डी खेळायची, म्हणून ते मैदान. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, बरोब्बर मध्यरेषेच्या वर. बाबा गिरणीत साचेखात्यात, मागांवर होते. पहिली पाळी करून आले की आंघोळ उरकून बनियनवरच गॅलरीच्या कठड्याला टेकायचे, आणि मी त्यांच्या कोपराखालून डोकं बाहेर काढायचे. मुलींनी खाली जाऊन बघायची पद्धत नव्हती. बाबांनी मला खेळ असा शिकवला नाही. ते नुसते स्वतःशी पुटपुटायचे. "आता धरतलो... धरतलो... धर मेल्या! गेलो." त्या पुटपुटण्यातूनच मला कळायला लागलं, की कोपऱ्यातला पोरगा घोट्याकडे बघतोय म्हणजे आता झडप घालणार.

आमचा संघ चांगला होता, हेच आमचं दुखणं. वाईट असता तर पहिल्याच फेरीत हरून मंडळी घरी येऊन जेवली असती. पण आम्ही अंतिम सामन्यापर्यंत जायचो आणि तिथे हरायचो. मंडळाच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यात सगळे धाकटे चषक. परळच्या पोरांनी आमच्या गल्लीचं नावच 'उपविजेते' ठेवलं होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी वाडीच्या तोंडाशी मोठ्याने विचारलं होतं, "मुलाची पहिली पसंती दुसरीच कोण तरी होती काय रे?" मला राग आला होता. पण आई तोंडाला पदर लावून हसली होती.

माझा मोठा भाऊ, दादा, याच संघाचा चढाईपटू. उंच नव्हता, पण कमरेत असा वळायचा की धरणाऱ्याच्या हातात नुसती हवा. तो खेळायला लागला त्या वर्षी सगळ्यांना वाटलं, आता मोठा चषक आला. अंतिम सामना आमच्या मैदानातच होता. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे. दादा गेला, दोघांना शिवला, तिसऱ्याने त्याला कमरेला मिठी मारली. त्या अख्ख्या ओझ्यासकट तो मातीतून सरपटत आला आणि त्याचा हात मध्यरेषेला लागला. गॅलरीतून मी डोळ्यांनी पाहिला तो हात. खाली फटाक्यांची माळ पेटवायला काडी ओढलीसुद्धा होती कुणीतरी. आणि पंच म्हणाले, रेषेला हात लागायच्या आधीच दम गेला. 'कबड्डी कबड्डी' तुटलं. चढाईपटू बाद.

दादा उठला तेव्हा त्याच्या तोंडात माती होती. तो पंचांना काहीतरी सांगत होता, पण त्याला धड बोलता येत नव्हतं, आणि ते बघून समोरचे लोक म्हणाले, बघा, दमच नाय.

त्या दिवशी आमच्या घरात आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. कुणी पानावर बसेना. बाबा म्हणाले, "हरलंव म्हणान कोण उपाशी रवता?" पण ते स्वतःही जेवले नाहीत. दादाला तोंडावर कुणी बोललं नाही. पण गल्लीत कुणाची सायकल पंक्चर झाली, की पोरं म्हणायची, दम गेला. रॉकेल संपून स्टोव्ह विझला, तरी दम गेला.

दादा अजून दोन-तीन हंगाम खेळला. मग रे रोडला लाकडाच्या वखारीत नोकरी लागली आणि खेळणं सुटलं. बघणं सुटलं नाही. पहिल्या फेरीपासून उपांत्य सामन्यापर्यंत तो मैदानाच्या दोरीला चिकटून असायचा. अंतिम सामन्याच्या दिवशी मात्र गायब. त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की तो असला की आपण हरतो. तो नसतानाही हरायचो, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

पहिल्यांदा तो असा नाहीसा झाला तेव्हा आईने मला शोधायला पाठवलं. वखारीतल्या एका माणसाने सांगितलं, माझगावच्या टेकडीवर बघा. तिथे बाग आहे, वरून गोदी आणि बोटी दिसतात. दादा बाकावर बसला होता. मला चढून येताना बघून त्याने विचारलं, "काय गो?"

"हरलो."

तो बोटींकडे वळला. मग म्हणाला, "माझो दम गेलो नव्हतो."

"माहीत आहे रे."

"चल, चाय घेऊया."

तेव्हापासून हे काम माझ्याकडेच आलं. लग्न होऊन मी दादरला आले, टेलिफोन खात्यात नोकरी केली, मुलगी झाली, पण अंतिम सामन्याला मी मैदानात, दादा टेकडीवर, आणि सामना संपला की मी टॅक्सीने माझगावला. प्रत्येक वर्षी आम्ही अंतिम सामन्यात नसायचो हे खरं, पण असायचो त्या प्रत्येक वर्षी हेच. "काय गो?" मग मी सांगायचे. मग तो दम गेला नव्हता म्हणायचा. मग चहा. मोबाइल आल्यावर मला वाटलं, आता टेकडी चढायला नको. पण त्या दिवशी तो फोन मुद्दाम घरीच ठेवून जायचा. म्हणाला, "फोनवर कोण पण काय पण सांगतं. तू ये."

मला त्या टॅक्सीचीच धास्ती बसली होती. सामना हरण्याचं दुःख मैदानातच थोडं गिळून व्हायचं. पण पुढे तासभर ते पदराला बांधून न्यायचं, वर चढायचं, आणि दादाचा चेहरा पडताना बघायचा. बाबा गेले, आई गेली. गिरण्या तर त्याआधीच गेल्या होत्या. चाळ पाडून टॉवर झाला. दादा आता बाराव्या मजल्यावर राहतो आणि खाली मैदानाच्या जागी गाड्या उभ्या असतात. मंडळाला मात्र कुणी पाडू शकलं नाही. पोरं सकाळी एका शाळेच्या पटांगणात सराव करतात. कुणी कळव्याहून येतो, कुणी विरारहून. आमच्या वाडीतले त्यात फार थोडे. पण जर्सी तीच आणि, काय सांगू, हरायची रीतही तीच.

या वर्षी आम्ही पुन्हा अंतिम फेरीत गेलो. दादा आता सत्तरी ओलांडलेला, गुडघे दुखतात. मी फोन केला, "या वेळी टेकडी नको. माझ्याबरोबर ये. नाहीतर घरी बस."

"घरी बसून टॉवरमधली पोरं फटाके वाजवतात की नाय ते ऐकत बसू?"

"मग ये ना बघायला."

"नको गो. पोरांचा वाटोळा करू नको माझ्या पायाने."

वहिनीने फोन घेतला. "वन्स, तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. मी दुपारी जेवायला घालून पाठवते टेकडीवर. छत्री, पाणी, गोळ्या सगळं देते."

सामना नायगावच्या बाजूच्या एका मैदानात होता, दुपारी चारला. माझ्याबरोबर कोण येणार, तर आमचे हे. हे गिरगावचे. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला खेळ म्हणायचं नाही, अशा घरात वाढलेले. इतक्या वर्षांत कबड्डीला कधी आले नव्हते. या वेळी माझं ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून डॉक्टरांनी एकटीला जाऊ देऊ नका म्हटलं, तर थर्मासमध्ये कॉफी भरून निघाले. त्यांना माती अपेक्षित होती. मॅट बघून म्हणाले, "हे तर एखाद्या जिमखान्यासारखं आहे."

पहिल्या डावात आमची पोरं अशी खेळली की मला भीतीच वाटायला लागली. समोरचा अख्खा संघ बाद केला. यांनी विचारलं, "आता हे दोन गुण जास्तीचे कशाचे?"

"लोण. सगळेच्या सगळे बाद केले की दोन वरती मिळतात."

"मग झालंच की. जिंकलात."

"अहो, गप्प बसा."

मध्यंतरापर्यंत चांगली आठ गुणांची आघाडी. मी कॉफीला हात लावला नाही. मला आमची माणसं माहीत होती. आणि झालंही तसंच. दुसऱ्या डावात आमचा कर्णधार दोनदा पकडला गेला, मग एक पोरगा उगाच रेषेबाहेर गेला, मग त्यांनी आमच्यावर लोण चढवला. आघाडी वितळत वितळत एका गुणावर आली. मागे बसलेला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बघ आता. ह्यांचं दरवर्षीचंच हाय." मी मागे वळून त्याच्याकडे बघितलं. तो ओळखीचा निघाला. आमच्याच गल्लीतला होता.

समोर खेळ चालू होता आणि मी मनातल्या मनात टॅक्सीत बसले होते. लालबाग, मग भायखळा, मग टेकडीची चढण. काय सांगायचं तेही जुळवायला लागले होते. 'एकाच गुणाने, दादा. चांगले खेळले रे.'

शेवटची चढाई त्यांची. आमचे मैदानात फक्त तिघं. त्यांनी एकाला शिवलं तर बरोबरी, दोघांना शिवलं तर संपलंच. त्यांचा चढाईपटू उंच, लांब हातांचा, अख्ख्या सामन्यात कुणाला सापडला नव्हता. तो आत आला आणि एकदम सगळं मैदान शांत झालं. फक्त त्याचं 'कबड्डी कबड्डी'. डाव्या कोपऱ्यात आमचा एक काटकुळा पोरगा होता, दुपारपासून ज्याने काही म्हणजे काही केलं नव्हतं. मी बघितलं, तो घोट्याकडे बघतोय.

"धरतो," मी म्हटलं.

"काय?" हे म्हणाले.

त्याने झडप घातली. घोटा सापडला. उंच पोरगा त्याला फरफटत घेऊन निघाला, वर दुसरे दोघे पडले, आणि तो सगळा ढीग मध्यरेषेवर आला. एक लांब हात बाहेर आला आणि रेषेपाशी थांबला. रेषेवर की रेषेच्या अलीकडे, ते मला दिसलं नाही. या वेळी मी दुसऱ्या मजल्यावर नव्हते. शिट्टी झाली. पंच एकमेकांकडे गेले आणि बोलायला लागले.

ते क्षण आम्ही कसे काढले, देवाला माहीत. यांनी माझा हात धरला होता, हे मला नंतर कळलं, मनगटावर बोटं उमटली होती म्हणून. शेवटी पंचांनी आमच्या बाजूला हात वर केला. तो उंच पोरगा मॅटवर पालथा पडून होता, डोक्यावर हात घेऊन. जमिनीवर बसल्या बसल्या मला तेवढा तोच दिसत होता, लोकांच्या पायांमधून. वाटलं, याचीही कुणी बहीण असेल इथे कुठेतरी.

मग हे म्हणाले, "चल. दादांकडे जायचंय ना?"

टॅक्सीत हे पुढे बसले आणि ड्रायव्हरला सामना सांगायला लागले. "अहो, तीनच उरले होते आमचे." आमचे! मी मागे जुळवाजुळव करत होते. इतकी वर्षं जे वाक्य घेऊन गेले ते पाठ होतं. हे दुसरं कसं बोलायचं, ते कळत नव्हतं. चढणीवर मला धाप लागली. दादा बाकावर होता, मांडीवर मिटलेली छत्री. त्याने मला लांबूनच पाहिलं. मी हळूहळू येतेय, डोळे सुजलेले, शेजारी कधी नव्हे ते आमचे हे. त्याने काय समजायचं ते समजून घेतलं.

मी जवळ पोचायच्या आधीच तो उठला. "असांदे गो," म्हणाला, "असांदे. पोरं लहान आहेत. तू कशाला एवढी चढून आलीस? बस. पाणी पी."

धाप थांबेना. मी नुसती मान हलवत होते, आणि तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. शेवटी आमचे हेच पुढे झाले. "दादा, जिंकलो आपण."

"कोण?"

"आपण. एका गुणाने होतो वर, शेवटची पकड झाली. तिघेच होते आत."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मेहुणे क्रिकेटवाले, त्यांना कबड्डीतलं काय कळणार, असा त्याचा चेहरा. "खरा सांग."

"जिंकलो रे दादा."

तो परत बाकावर बसला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाला, "डावा की उजवा?"

"डावा कोपरा."

"घोटा?"

"घोटा."

"एका हाताने की दोन?"

"आधी एका. मग दुसरा हात आला."

"बरोबर," दादा म्हणाला. "तसाच धरूचो." आणि बसल्या जागी त्याने छत्रीचा दांडा त्या पकडीत धरून दाखवला. मग मला पहिल्या चढाईपासून सगळं सांगायला लावलं. मला जे आठवेना ते यांनी सांगितलं, बरंचसं चुकीचं. दादाने एकेक दुरुस्त करून घेतलं, सामना न बघता. खाली गोदीतल्या बोटी तशाच उभ्या होत्या. कुणीतरी भेळ खात होतं. दादा मधेच हसायचा आणि मधेच लांब श्वास सोडायचा, जड सामान खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा. आम्ही चहा घेऊन टॅक्सीत बसलो, लालबाग आलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दम गेला नव्हता हे तो म्हणालाच नाही. त्याच्याही ते लक्षात आलं नसावं. मी आठवण केली नाही.

वाडीच्या तोंडाशी बेंजो चालू होता. टेम्पोवर पोरं आणि मधे चषक, एवढा मोठा की तो धरलेल्या पोराचं तोंड दिसत नव्हतं. प्रशिक्षक दादाच्या नंतरच्या पिढीतला, केस पांढरे झालेले. त्याने दादाला गेटपाशी पाहिलं आणि टेम्पो थांबवला. पोरांना दादा कोण हे माहीत नव्हतं. टॉवरमधले एक आजोबा, बस. प्रशिक्षकाने चषक खाली घेतला आणि दादाच्या हातात दिला. दादाला तो पेलेना. एका बाजूने मी हात लावला, दुसऱ्या बाजूने त्या काटकुळ्या पोराने. दादाने त्याला विचारलं, "घोटा कधी बघितलास?"

पोरगा म्हणाला, "आजोबा, तो आत आला ना, तेव्हाच. जास्त वजन डाव्यावर टाकत होता."

"हां," दादा म्हणाला, आणि त्याच्या गालाला हात लावून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. गेटच्या आतून वहिनी ओरडत होती, "वर आणू नका हां तो! घरात जागा नाय!"

पुढचे काही दिवस मी चैन केली, दुसरा शब्द नाही. मासळी बाजारात कोळणीला सांगितलं, तिने एक बोंबील जास्त टाकला. बहिणीला बडोद्याला फोन केला, दोनदा, दुसऱ्यांदा तेच सांगायला. दुपारी आडवी झाले की डोळ्यांसमोर ती पकड लावायचे आणि झोपायचे. झोप कशी, तर दार वाजलेलं कळायचं नाही अशी. रविवारी दादा-वहिनी जेवायला आले. जेवणानंतर दादा माझ्या मोबाइलवर सामना बघायला बसला. अंगठ्याने थांबवायचा, मागे न्यायचा, परत लावायचा. शेवटच्या चढाईला आमचे हे त्याच्या खांद्यावरून वाकले. दादा म्हणाला, "हात रेषेच्या अलीकडेच आहे."

"मला तर रेषेवर वाटतो," हे म्हणाले.

वहिनीने आणि मी एकदमच यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे, अलीकडे," हे म्हणाले.

महिन्याभराने दुसरी स्पर्धा सुरू झाली, प्रभादेवीला. अंतिम बिंतिम काही नाही, पहिलीच फेरी. आम्ही तिघं गेलो. दादा पुढच्या रांगेत बसून पंचांवर ओरडला, एकदा तर उभाही राहिला, आणि मी त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. आमचे विजेते सपाटून हरले. मध्यंतरालाच लोण. मागचा कुणीतरी काहीतरी बोलला, पण काय ते मी ऐकलं नाही.

बाहेर येऊन आम्ही बटाटावडे घेतले. दादाने चटणी मागून घेतली. "कोपऱ्यातलं पोरगं दमलेलं होतं आज," तो म्हणाला.

"हो ना."

"खातंय काय नीट की नाय कोण जाणे." एवढं बोलून त्याने दुसरा वडा उचलला, आणि यांना विचारलं, इथून लालबागला बस कुठली मिळेल.